वहिनीच्या कादंबरीचा शेवट

पुस्तकं हातगाडीवरून घरी आली. वहिनी कुहीहून परत येऊन चार दिवस झाले होते. तिने गठ्ठ्याची सुतळी सोडली, एक प्रत घेतली, शेवटाकडून उघडली आणि उभ्यानेच वाचली. मग पुस्तक मिटलं आणि ती वरणाला फोडणी द्यायला गेली. त्यानंतर तिने लिहिलं नाही.

ती गेली त्याला दोन महिने होऊन गेले. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली. तीत ‘एका ऐतिहासिक कादंबरीच्या लेखिका’ असं म्हटलं होतं. एकच का, दुसरी का नाही, हे कुणी विचारलं नाही. मला उत्तर माहीत आहे. ते लिहायला मी रोज सकाळी बसते. कधी अर्धं पान होतं, कधी तेही होत नाही.

आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं. मी शाळेत असतानाच वडील वारले आणि माझा मोठा भाऊ, दादा, कर्ता झाला. तो सरकारी कचेरीत हेडक्लार्क होता. आमच्या घरचं बोलणं पुस्तकी होतं आणि आईला त्याचा अभिमान होता. वहिनी कुहीची. घरी धानाची शेती, वडील गावच्या शाळेत मास्तर. ती मॅट्रिक झालेली होती. ‘मले’, ‘तुले’ म्हणायची. पहिल्या वर्षी आई तिला दर वेळी मध्येच थांबवून ‘मला’ म्हणवून घ्यायची. वहिनी खाली मान घालून ‘मला’ म्हणायची आणि मग वळून माझ्याकडे बघून डोळे मिचकवायची. चारचौघांत ती मला ‘बाई’ म्हणे, नणंदेला म्हणतात तसं. दोघीच असलो की ‘काहून वं’ म्हणत एकेरीवर यायची. मी तिच्याहून सात वर्षांनी लहान. घरात वाचणाऱ्या आम्ही दोघीच होतो.

लिहायची तिची वेळ दुपारी दोन ते चार. आई झोपलेली, भांडी झालेली, संध्याकाळचा नळ यायचा असलेला. दादा कचेरीतून जुनी सायक्लोस्टाइल परिपत्रकं आणायचा, त्यांच्या कोऱ्या पाठीवर ती पेन्सिलीने लिहायची. आधी मला वाटलं, माहेरी पत्र लिहिते आहे. पण पत्राला इतके दिवस लागत नाहीत. एकदा मी मागून वाकून बघितलं.

“काय वाचून राहिली वं चोरून? ये, समोर बस. माझं अक्षर लागते का ते तं सांग.”

अक्षर लागत होतं. भोसल्यांच्या वेळच्या नागपुरातली एक बाई होती, पोथ्यांच्या नकला करणाऱ्या कारकुनाची मुलगी. बापाच्या हाताखाली बोरू धरायला शिकलेली. लग्न झालं आणि नवरा बंगालच्या स्वारीवर गेला. सासरी ती दिवसा पोथ्या उतरवून द्यायची आणि उरलेल्या कागदांवर स्वतःच्या ओव्या लिहायची. त्या ओव्या तिच्या दिराने एका सरदाराच्या बैठकीत आपल्या म्हणून म्हटल्या. लोकांनी वाहवा केली, शाल दिली. दीर ती शाल पांघरून घरी आला आणि जेवायला वाढ म्हणाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती घरातून निघाली.

यासाठी वहिनीने किती वाचलं होतं ते मला ठाऊक आहे, कारण वाचनालयातून पुस्तकं मीच आणत होते. बखरी, जुनी गॅझेटियरं. इंग्रजी तिला जड जायचं, मग मी अर्थ सांगायचे आणि ती पोळ्या लाटत ऐकायची. महालातच एक म्हातारे शास्त्री राहत. पूर्वी शाई कशी करत, बोरू कसा तासत, कागदावर दोरा दाबून ओळी कशा आखत, हे विचारायला ती चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं निमित्त करून दोनदा त्यांच्याकडे गेली. शास्त्रीबुवांना वाटलं, ही नवऱ्यासाठी विचारते आहे.

आईला कादंबरी होते आहे हे कळलं तेव्हा तिने गोष्ट विचारली. वहिनीने थोडक्यात सांगितली.

“घर सोडून जाते म्हणे ती?” आई म्हणाली. “मग जेवते कुठं?”

“हातानं रांधते, आई.”

“आणि पुरुष माणूस नाही घरात, तर भाजी कोण आणतं?”

“भोसल्यांच्या राज्यात बाजार होता नं, आई. इतवारी तेव्हाही होतीच.”

दादा हसला. तो तेव्हा खुशीत होता. महालातच एक छापखाना होता, लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका छापणारा. त्याच्या मालकाला पुस्तकं काढायची हौस होती. दादाने त्याच्याशी बोलून आणलं होतं. हे दादानेच केलं, हेही लिहायला हवं. वहिनी स्वतः छापखान्याची पायरी चढली नसती.

छापायला स्वच्छ प्रत लागते. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे समास सोडायचा, खाडाखोड नको. माझं अक्षर चांगलं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास सोडून मी फुलस्केपावर फुलस्केप उतरवत होते. तिची वाक्यं कुठे थांबतात, कुठे एकदम तुटतात, कुठे ती दोन क्रियापदं शेजारी ठेवते, हे माझ्या हाताला कळायला लागलं. चार-चार पानं मी मूळ कागदाकडे न बघता लिहून जायचे आणि मग ताडून बघितलं तर एखादाच शब्द वेगळा असायचा. तिला याचं हसू यायचं. “तुले तं माझी नक्कल जमते,” ती म्हणायची.

शेवटचं प्रकरण माझ्या अक्षरात अकरा पानं झालं. त्यात ती बाई तलावाच्या काठी एक खोली घेऊन राहते आहे, पोथ्या उतरवून पोट भरते आहे. स्वारीवरून परतलेला नवरा शोधत येतो आणि दारात उभा राहतो. ती मान वर करत नाही. हातातली ओळ पुरी करते आहे, तोवर बसा, असं सांगते. तो बसतो. ओळ पुरी होते, ती दुसरा कागद घेते. बऱ्याच वेळाने तो उठून जातो आणि ती कागदावर दोरा दाबते. तिथे पुस्तक संपत होतं.

मी विचारलं, “ती परत जातच नाही?”

वहिनीला तेव्हा सातवा लागला होता. ती माहेरी जायची तयारी करत होती, ट्रंकेत जुनी लुगडी भरत होती.

“मी काही जात नाही कुठं,” ती म्हणाली. “सासू आहे, नवरा आहे, आता हे पोटात आहे. हिले तरी जाऊ दे.”

ती कुहीला गेली आणि छपाई सुरू झाली. प्रुफं दादा आणायचा, मी वाचायचे. छापखाना लहान. खिळे जुळवून सोळा पानांचा एक फर्मा बांधायचा, छापायचा, मग तेच खिळे सोडवून पुढच्या फर्म्याला वापरायचे. असे फर्म्यामागून फर्मे जात राहिले. तिकडे मुलगी झाली. मी पेपर दिले आणि पास झाले. जून उजाडला. शेवटचा फर्मा जुळला आणि थांबला.

दादा त्या दिवशी कचेरीतून लवकर आला. खिडकीतले वाळ्याचे पडदे सुकले होते, मी त्यांवर पाणी मारत होते.

“शेवट चालणार नाही म्हणतात,” तो म्हणाला. “वाचनालयं असलं घेत नाहीत. शाळा बक्षिसाला देत नाहीत. बाई घरी यायला हवी.”

“मग वहिनीला विचार नं.”

“ओली बाळंतीण आहे ती. तिच्या डोक्याला ताप द्यायचा? दूध आटलं म्हणजे?”

“पत्र टाकते मी.”

“पत्र कधी जाणार आणि उत्तर कधी येणार! त्यांचे खिळे अडकलेत त्या फर्म्यात. आषाढाच्या आधीची लग्नं धडाधड लागताहेत, पत्रिका छापायला खिळे पुरत नाहीत. परवापर्यंत नवा शेवट द्या, नाहीतर फर्मा सोडून टाकतो म्हणतात. मग आधीची छापलेली पानं काय करायची, सांग.”

आई आतून म्हणाली, “आणि त्यात विचारायचं काय आहे? बाई आपल्या घरी आली तर कुणाचं वाईट होणार आहे?”

दादा थोडा वेळ पंख्याखाली बसला. मग हळू आवाजात म्हणाला, “उद्या कचेरीत लोक विचारतील मला, बायको कुठं निघाली हो तुमची म्हणून.” हे त्याचं खरं कारण होतं आणि ते त्याने सांगितलं, एवढा तो प्रामाणिक होता.

माझ्या लग्नाची बोलणी तेव्हा चालू होती. मुलगा अमरावतीचा होता. मला एम.ए. करायचं होतं. युनिव्हर्सिटीचा फॉर्म मी आणून ठेवला होता, त्यावर पालकाची सही लागत होती आणि दादा ती आज करतो, उद्या करतो म्हणत होता.

“तुझा फॉर्म कुठं आहे?” तो म्हणाला. “आण. तू हे एवढं लिहून दे, मी सही करतो. अमरावतीच्या मंडळींना कळवून टाकू, मुलगी शिकते आहे म्हणून.”

“मी कसं लिहू?”

“तूच तर म्हणतेस, वहिनीची वाक्यं मला पाठ आहेत.”

इतवारी स्टेशनावरून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने कुहीला जायला अर्धा दिवसही लागत नाही. मी सकाळी निघून तिला विचारून संध्याकाळी परत आले असते. इतकी वर्षं मी स्वतःला ऊन, एकटीचा प्रवास, आईची परवानगी, अशी कारणं सांगत आले. यातलं एकही खरं नाही. मी गेले असते तर ती नाही म्हणाली असती, आणि मग फॉर्मवर सही झाली नसती. म्हणून मी गेले नाही.

दोन दुपारी लागल्या. ती ज्या वेळी लिहायची त्याच वेळी, तिच्याच पाटावर. माझ्या शेवटात नवरा दारात येतो तशी ती बोरू खाली ठेवते. ओव्यांचं बाड फडक्यात बांधते, तलावात उतरून ते पाण्यात सोडते आणि ‘ओल्या पदराचं टोक पिळत ती त्याच्या पावलांवर पाऊल ठेवत चालू लागली.’ शेवटच्या फर्म्यात बसेल इतकंच लिहायचं होतं. ते बरोबर बसलं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी आजवर कुणाला सांगितली नाही. लिहिताना मला आनंद होत होता. वाक्यं आपोआप येत होती, तिच्यासारखीच येत होती. पदराचं ते वाक्य आलं तेव्हा मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. त्याच संध्याकाळी दादाने कागद नेले आणि फॉर्मवर सही केली.

श्रावणात वहिनी मुलीला घेऊन आली. शेवट बदलल्याचं तिला कोण सांगणार यावर आम्ही चार दिवस काढले. दादा म्हणे तू सांग, मी म्हणे तू सांग. आई म्हणे, आधी तिचे बाळंतपणाचे दिवस तर सरू दे, मग सांगा. एवढ्यात पुस्तकं आली.

फोडणी देऊन झाल्यावर ती माझ्याजवळ आली. मी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते.

“बाई,” ती म्हणाली, “चांगलं लिहिलंत तुम्ही.”

घरात आम्ही दोघीच होतो. आई देवळात गेली होती. ‘काहून वं’ मला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. पुढे पंधरा-सोळा वर्षं तिने माझं सगळं केलं. परीक्षेच्या दिवशी दही-साखर हातावर ठेवली, तापात उशाशी बसली, नोकरी लागली तेव्हा ओटी भरली. माझ्याशी ती कधी वाईट वागली नाही. तशी वागली असती तर बरं झालं असतं.

पुस्तक चाललं. वाचनालयांनी घेतलं. शहरातल्या एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं, त्यात शेवटाची फार स्तुती होती आणि पदराचं वाक्य जसंच्या तसं दिलं होतं. दादाने ते कात्रण कचेरीत नेलं.

धंतोलीतल्या एका महिला मंडळाने सत्कार ठेवला. अध्यक्षबाई बोलल्या, नायिकेच्या त्यागाबद्दल बोलल्या, डोळे पुसले. मग वहिनीला बोलायला सांगितलं. ती उठली. तिला भाषण येत नव्हतं, तिने टेबलाची कड धरली होती.

“शेवट माझा नाही,” ती म्हणाली. “तो माझ्या नणंदेनं लिहिला. त्या तिथं बसल्या आहेत.”

सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, आता झालं. पण अध्यक्षबाई हसून टाळ्या वाजवायला लागल्या आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, नणंद-भावजया असाव्यात तर अशा. मला उभं राहायला लावलं. माझ्याही ओटीत नारळ आणि खण घातला. वहिनी टाळ्या संपेपर्यंत उभी होती. तिने खरं सांगितलं होतं आणि ते एकीनेही ऐकलं नव्हतं. मी उठून म्हणू शकले असते, त्या खरंच सांगताहेत. मी नारळ सांभाळत खाली बसले. परतताना रिक्षात तिने विचारलं, नारळ फोडायचा का आजच, चटणीला होईल.

मी एम.ए. झाले. मुलींच्या एका कॉलेजात मराठी शिकवू लागले. लग्न केलं नाही, कुणी भरीस पाडलं नाही. पुढे हुडकेश्वरच्या बाजूला प्लॉट पडायला लागले तेव्हा एक घेतला, दोन खोल्या बांधल्या आणि एकटी राहू लागले. बाईमाणूस असून स्वतःच्या पायावर उभी आहे, असं माझ्याबद्दल म्हणतात. विद्यार्थिनींना माझं उदाहरण देतात.

एका वर्षी ती कादंबरी बी.ए.ला लागली आणि मलाच शिकवावी लागली. शेवटच्या प्रकरणाला मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, हे पटत नाही. ओळ अर्धी असताना ही कुणालाच उत्तर देत नाही, मागे तीनदा आलंय. मग इथं एकदम बोरू खाली कसा ठेवते? दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखं वाटते.”

मी त्या काळच्या स्त्रीच्या मर्यादा सांगितल्या. मुलींनी त्या वहीत उतरवून घेतल्या. ती मुलगी खाली बसली, तिने उतरवून घेतलं नाही.

गेल्या हिवाळ्यात वहिनीला कावीळ झाली आणि मग ती फक्त कावीळ नाही असं डॉक्टर म्हणाले. मी कॉलेजातून रजा घेऊन महालात राहायला गेले. एका दुपारी तिला उन्हात बसवून वेणी घालताना मी विचारलं, जे मी तेव्हा कुहीला जाऊन विचारायला हवं होतं.

“ते परिपत्रकांवरचं कुठं आहे? शेवटचं प्रकरण?”

“बंबात घातलं.”

“कधी?”

“पुस्तकं आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. पोरीले आंघोळ घालाची होती. पाणी तापवाचं होतं.”

माझ्या अक्षरातली अकरा पानं छापखान्यात राहिली होती. तो छापखाना कधीच बंद झाला, मालक वारला, मुलाने जागा विकली. हे मी तिला सांगितलं. मग म्हणाले, “तुम्ही सांगा, मी उतरवून घेते. नवी आवृत्ती काढू. खरा शेवट घालू. मी प्रस्तावनेत सगळं लिहीन, मी काय केलं ते.”

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी हातातली वेणी सोडली.

“आता मले आठवत नाही,” ती म्हणाली. “तुम्हीच लिवा. तुम्हाले येते.”

मी पुन्हा वेणी घालायला घेतली तेव्हा म्हणाली, केस ओढून राहिले, जरा सैल घाला. महिन्याभराने ती गेली.

तेराव्याच्या दिवशी जेवणं झाल्यावर तिच्या मुलीने आईचं पुस्तक आणलं. ती आता कॉलेजात जाते, आईसारखी भराभर बोलते. म्हणाली, आईचं काहीतरी वाचावंसं वाटते. तिने शेवटचं पान काढलं. वाचताना पदराच्या वाक्यापाशी तिला रडू फुटलं. दादा रडला. आई आता फार थकली आहे, ऐकायला कमी येतं, पण सगळे रडताहेत हे बघून तीही रडली. मी भिंतीला टेकून बसले होते. वाचून झाल्यावर मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आत्या, आईनं किती खरं लिहिलंय नं?”

मी हो म्हणाले.

हे लिहून झालं की मी तिला वाचायला देणार आहे. तिने नंतर माझ्याकडे यायचं की नाही ते तिने ठरवावं. नवी आवृत्ती निघणार नाही, कारण तिच्यात घालायला माझ्याकडे काही नाही. या दोन महिन्यांत मी रोज ते प्रकरण आठवून लिहायला बसते, आणि पाचव्या-सहाव्या ओळीला लक्षात येतं की ही ओळ तिची नाही, मी रचली आहे. मग तो कागद फाडते.

अकरा पानांतली तीन वाक्यं मला आठवतात. तिसऱ्याबद्दल खात्री नाही.